दाव्याची हद्द

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. कॅन्सरवर तिथे संशोधनही होतं आणि उपचारही. पनवेलमार्गे थोडं आत गेलं की रसायनी आणि पाताळगंगेची औद्योगिक वसाहत लागते. तिथे सिप्लाचा औषधांचा कारखाना आहे. वसाहतीला नाव देणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे एका टोकाला रोगी, दुसऱ्या टोकाला औषध बनवणारे, आणि दोघेही रायगड जिल्ह्यातलेच. पण या कारखान्यांनी कुठलं औषध बनवायचं आणि रोग्याने त्याला काय मोजायचं, हे पुष्कळदा तिसऱ्याच ठिकाणी ठरतं. ते ठरतं पेटंटच्या दस्तऐवजाच्या शेवटच्या काही पानांत.

या दस्तऐवजाला स्पेसिफिकेशन म्हणतात. त्याच्या पहिल्या, लांबलचक भागात वर्णन असतं : अडचण काय होती, शोध काय लागला, तो कसा वापरायचा, प्रयोग कोणते केले, आकृत्या कुठल्या. शेवटी येतात दावे. कचेरीत आणि वकिलांच्या तोंडी 'क्लेम' हाच शब्द असतो. वर्णन शिकवण्यासाठी असतं, दावा अडवण्यासाठी. वर्णन वाचून कुणीही जाणकाराने तो शोध स्वतः करून बघावा अशी अपेक्षा असते. दावा वाचून त्याला कळतं की परवानगीशिवाय काय करायचं नाही. वीस वर्षांची मक्तेदारी सरकार देतं ती या सौद्यावर. तुम्ही शिकवा, आम्ही तेवढ्यापुरतं इतरांना अडवतो.

या सौद्यात 'तेवढ्यापुरतं' हा शब्द मोलाचा, आणि भांडणं सगळी त्याच्यावरून. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० सांगतं की शोध, त्याचा उपयोग आणि तो अमलात आणण्याची पद्धत पूर्णपणे, तपशीलवार लिहा; तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धतही उघड करा; आणि शेवटी दावे द्या. ते दावे स्पष्ट आणि नेमके तर हवेतच, शिवाय वर उघड केलेल्या मजकुरावर रास्तपणे आधारलेले हवेत. हा आधार नसेल तर मिळालेलं पेटंटही कलम ६४ खाली रद्द होऊ शकतं.

अलिबाग-मुरूडकडे जमिनीचे भाव चढल्यापासून एक भांडण तिथल्या प्रत्येक गावाला माहीत झालं आहे. सातबाऱ्यावर वीस गुंठे आणि तारेचं कुंपण पंचवीस गुंठ्यांना. मग भूमी अभिलेखवाले मोजणीला येतात आणि खांब उपटून मागे घ्यावे लागतात. पेटंटात वर्णन म्हणजे सातबारा आणि दावा म्हणजे कुंपण, असं समजायला हरकत नाही. फरक एवढाच की जमिनीच्या भांडणात उरलेले पाच गुंठे कुणाचे तरी असतातच, शेजाऱ्याचे नाहीतर सरकारचे. पेटंटातले ते पाच गुंठे बहुतेक वेळा अजून कुणी पाहिलेलेच नसतात. समुद्र मागे हटून उद्या जमीन वर येईल या हिशेबाने आज पाण्यात खांब ठोकण्यासारखं ते आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोर्लईच्या बाजूच्या एखाद्या तरुण अभियंत्याने बोंबील-जवळा सुकवण्याची सौर पेटी तयार केली. उघड्या मांडवावर मासळीला धूळ आणि माश्यांचा त्रास, अवकाळी सर आली की सगळं भिजणार. पेटीत खालून गरम हवा शिरते, जाळीच्या ट्रेमधून वर जाते, आणि आतलं तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की एक झडप आपोआप उघडते, कारण जास्त उष्णतेने मासळी सुकण्याऐवजी शिजते. झडप हाच त्याचा खरा शोध. वर्णनात त्याने झडप, ट्रे, पंखा, मापं, सगळं लिहिलं.

आता दावा किती मोठा करायचा? 'अशा मापाची, अशा धातूची, अशा झडपेची पेटी' असा दावा केला तर शेजारचा कारागीर धातू बदलून तीच पेटी विकेल. 'तापमानानुसार उघडणारी झडप असलेली सौर सुकवणी पेटी' हा दावा शहाणपणाचा. पण वकील आणखी एक पायरी चढायला सुचवतो : 'मासळीतलं पाणी ठरावीक प्रमाणापर्यंत खाली आणणारी कोणतीही सौर रचना.' यात झडप नाही, पंखा नाही, काहीच नाही. मागितलेला आहे नुसता परिणाम. तो परिणाम साधण्याचा एकच रस्ता अभियंत्याने शोधला, लिहिला, दाखवला. दाव्यात मात्र सगळे रस्ते घातले, जे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते तेसुद्धा.

हा तिसरा दावा पडण्याचं कारण 'यात नवीन काय?' हे असेलच असं नाही. अगदी नवा असूनही तो पडू शकतो. तपासणी अधिकाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो : बाबा रे, हे सगळं तू शिकवलंस कुठे?

नंतर भर घालून ही उणीव भरता येत नाही. दोन वर्षांनी श्रीवर्धनला कुणी वेगळ्याच तत्त्वावर, समजा मीठपाणी फिरवून उष्णता साठवणारी, पेटी काढली आणि आपल्या अभियंत्याला वाटलं की हेही माझ्याच दाव्यात घालावं, तर कलम ५९ आडवं येतं. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मुळातच जे उघड केलेलं नव्हतं, ते दुरुस्तीच्या नावाखाली आत आणता येत नाही. उलट बाजूही तितकीच कडक. वर्णनात लिहिलं पण दाव्यात मागायचं राहिलं, तर ते लोकांना फुकट दिल्यासारखंच.

इथवर वाचून मोठा दावा म्हणजे लबाडी असं वाटेल. मला तसं वाटत नाही. झडपेचं तत्त्व ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला पितळी झडपेपुरतंच संरक्षण द्यायचं, तर कायद्याने नकलाकारांना बक्षीस दिल्यासारखं होईल. एका उदाहरणावरून तत्त्वापर्यंत जायचा हक्क शोधकाला हवाच. किती दूरपर्यंत, एवढंच भांडण. नव्या, अनोळखी क्षेत्रात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला न्यायालयं सहसा थोडी सैल दोरी देतात. यंत्रांच्या बाबतीत हे सोपं जातं, कारण एक झडप चालली तर दुसरीही चालेल हे जाणकाराला सांगता येतं. रसायनात आणि जीवशास्त्रात ती खात्री नसते. एक अणू इकडचा तिकडे झाला की औषधाचं विष होतं, किंवा नुसतं पाणी.

हे भांडण जुनं आहे. तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सने आपल्या पेटंटात आठवा दावा असा केला होता की मी वर्णन केलेल्या यंत्रापुरता मी मर्यादित नाही. विद्युतचुंबकत्वाच्या बळावर कितीही अंतरावर अक्षरं वा खुणा उमटवण्याची कोणतीही रीत माझी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्ये तो दावा फेटाळला. उद्या कुणी अधिक साधी, स्वस्त रीत काढली तरी ती मोर्सच्या मालकीची ठरेल, आणि तिच्याबद्दल मोर्सने जगाला काहीच शिकवलेलं नसेल, हा त्यामागचा विचार. बाकीचे दावे टिकले, आणि तारायंत्र मोर्सचंच राहिलं.

दुसरं प्रकरण विजेच्या दिव्याचं. सॉयर आणि मॅन या दोघांनी कार्बन केलेल्या कागदाची तार वापरून दिवा केला, आणि दावा केला सगळ्याच तंतुमय नि विणलेल्या पदार्थांवर. पुढे एडिसनच्या दिव्यात बांबूची तार आली तेव्हा या पेटंटाचे मालक कोर्टात गेले. १८९५ च्या निकालात एक तपशील आहे : एडिसनने सहा हजारांहून जास्त वनस्पती तपासल्या होत्या, आणि बहुतेक सगळ्या निकामी ठरल्या. तंतुमयपणा हाच दिवा पेटण्याचं कारण असता तर एवढी शोधाशोध कशाला करावी लागली असती? कागदाला बांबूशी जोडणारा कुठलाही समान गुण सॉयर-मॅनने दाखवलेला नव्हता. दावा गेला.

रसायनवाल्यांनी मात्र पुढे एक अशी युक्ती काढली की ज्यामुळे हा प्रश्न शंभरपट मोठा झाला. रंगद्रव्यांच्या धंद्यातल्या युजीन मार्कुशच्या अर्जावर १९२४ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने एका विशिष्ट लेखनपद्धतीला मान्यता दिली. रेणूचा सांगाडा काढायचा, त्याच्या फांद्यांवर अक्षरं लिहायची, आणि म्हणायचं की या जागी या यादीतलं काहीही येऊ शकेल. चार जागा आणि प्रत्येक जागी दहा पर्याय धरले तरी दहा हजार रेणू झाले. प्रत्यक्षातल्या याद्या याहून कितीतरी लांब असतात. लाखो-कोटी रेणू एका वाक्यात मावतात. प्रयोगशाळेत बनवलेले असतात पाच-पन्नास. अशा दाव्याला आपल्याकडे कोर्टातसुद्धा 'जीनस पेटंट' म्हणतात आणि पुढे त्यातल्या एखाद्या विशिष्ट रेणूवर घेतलेल्या पेटंटाला 'स्पीशीज'.

भारतात औषधांपुरता हा प्रश्न बराच काळ झोपलेला होता. १९७० चा कायदा १९७२ मध्ये अमलात आला तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळतच नसे. मिळे ते बनवण्याच्या प्रक्रियेवर. दुसऱ्या प्रक्रियेने तेच औषध बनवायला मोकळीक होती. भारतीय औषधउद्योग वाढला तो या मोकळिकीवर. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधांच्या रेणूंवरही पेटंट देणं भाग पडलं, आणि मार्कुशच्या याद्या आपल्या दारात आल्या.

पहिली मोठी लढाई झाली ती ग्लिवेकवर. औषधाचं नाव इमॅटिनिब मेसिलेट, कंपनी स्वित्झर्लंडची नोव्हार्टिस, रोग क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. या गोळीने त्या रोगाचं रूपच बदललं, हे विरोधकही मान्य करत. किमतीचा फरक तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून सगळ्यांना पाठ झाला होता : ग्लिवेक महिन्याला लाखाच्या वर, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत.

कागदपत्रांची साखळी अशी. युर्ग झिमरमान या रसायनतज्ज्ञाच्या नावाने १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. त्यात रेणूंचं एक अख्खं कुटुंब होतं, इमॅटिनिबही होतं, आणि त्यांचे क्षारही. या पेटंटाच्या काळात भारतात औषधांवर पेटंट नव्हतंच, त्यामुळे इथे ते नव्हतं. मग जुलै १९९८ मध्ये, औषधांवर पुढे पेटंट मिळणार हे धरून, नोव्हार्टिसने चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला तो इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा नावाच्या स्फटिकरूपावर. अर्जाला पाच विरोध आले. सिप्ला, नॅटको, रॅनबॅक्सी आणि हेटेरो या चार कंपन्या, आणि पाचवी मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. जानेवारी २००६ मध्ये अर्ज नामंजूर झाला. मद्रास उच्च न्यायालय, बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ असा प्रवास करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला.

या निकालाची चर्चा होते ती मुख्यतः कलम ३(घ)वर : माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, परिणामकारकता वाढल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही. बीटा स्फटिक अधिक टिकाऊ, दमट हवेत कमी पाणी शोषणारा, यंत्रात सहज वाहणारा असेल. पण त्याने रोगी अधिक बरा होतो हे दाखवलं गेलं नाही, असं न्यायालय म्हणालं. पण तिथवर पोचण्याआधी एक पायरी होती, आणि मला निकालाचा तो भाग जास्त रोचक वाटतो.

नोव्हार्टिसचं म्हणणं होतं की झिमरमान पेटंटाच्या दाव्यात मेसिलेट क्षार मावतो हे खरं, पण त्याच्या वर्णनात तो उघड केलेला नाही. दाव्याचा पसारा वेगळा, शिकवणीचा पसारा वेगळा. म्हणून मेसिलेट हा पुढचा, स्वतंत्र शोध, आणि त्याचा बीटा स्फटिक हा त्याच्याही पुढचा. ऐकायला हा युक्तिवाद सरळ आहे. मार्कुशच्या यादीत कोटीभर रेणू मावतात म्हणून ते सगळे जगाला माहीत झाले असं कोण म्हणेल?

न्यायालयाने मग नोव्हार्टिसचीच जुनी कागदपत्रं काढली. अमेरिकेत ग्लिवेकसाठी पेटंटाची मुदत वाढवून मागताना आधार दिला होता झिमरमान पेटंटाचा. ब्रिटनमध्ये नॅटकोने आपल्या कॅप्सूल विकायला सुरुवात केली तेव्हा २००४ मध्ये त्यांना जी नोटीस गेली, तीही झिमरमान पेटंटाच्याच बळावर. थोडक्यात, विक्री अडवायची तेव्हा औषध जुन्या पेटंटात होतं, आणि नवं पेटंट हवं तेव्हा नव्हतं. न्यायालयाने हे मानलं नाही. वर्णन आणि दावा यांच्यात मोठी दरी पडेल, पेटंटाची व्याप्ती शोधाच्या अंगच्या गुणावर न ठरता कसलेल्या वकिलांच्या लेखणीवर ठरेल, अशा वाटेने या देशाचा पेटंट कायदा वाढावा अशी आमची इच्छा नाही, अशा आशयाचं वाक्य निकालात आहे. दाव्यात आलं ते उघडही झालं, ही दिशा त्यातून पक्की झाली.

सिप्लाचाच आणखी एक खटला याच्या शेजारी ठेवून पाहावा, कारण तिथे सिप्ला हरली. फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं एर्लोटिनिब. रोश कंपनीची गोळी साधारण ४८०० रुपयांची, सिप्लाने २००८ मध्ये १६०० रुपयांत बाजारात आणली. सिप्लाचा एक बचाव असा होता की आमच्या गोळीत या पदार्थाचं 'पॉलिमॉर्फ बी' नावाचं स्फटिकरूप आहे, रोशच्या पेटंटाने ते उघड केलेलंच नाही, मग दाव्यात कसं येईल? दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१२ मध्ये ते मानलं. खंडपीठाने नोव्हेंबर २०१५ मध्ये उलटवलं : दावा एर्लोटिनिब हायड्रोक्लोराइड या संयुगावर आहे, ते कुठल्या स्फटिकरूपात आहे याने फरक पडत नाही. पेटंटाची मुदत संपायला काही महिनेच उरले होते, म्हणून मनाई हुकूम मात्र दिला नाही.

दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तसे ते नाहीत. ग्लिवेकमध्ये पेटंटवाला म्हणत होता की माझा दावा मोठा, शिकवण लहान. एर्लोटिनिबमध्ये नकलाकार म्हणत होता की शिकवण लहान, म्हणून दावाही लहान. दोघांनाही उत्तर एकच मिळालं. रेणू एकदा नीट सांगितला की त्याची स्फटिकरूपं दाव्यात येतात, आणि येतात म्हणूनच, परिणामकारकता वाढल्याचं दाखवल्याशिवाय, त्यांच्यावर पुन्हा पेटंट मागायची सोय उरत नाही.

अमेरिकेतली वाट थोडी निराळी आहे. तिथे वर्णनाची स्वतंत्र अट आहे : अर्जाच्या दिवशी शोध खरोखर तुमच्या हातात होता, हे कागदावरून दिसलं पाहिजे. २०१० मध्ये एरिॲड विरुद्ध इलाय लिली या खटल्यात तिथल्या फेडरल सर्किट या अपिलीय न्यायालयाने ही अट ठामपणे लागू केली. पेशीतल्या एका प्रथिनाचं काम कमी करणाऱ्या रीतीवर दावा होता. ते कमी करणारा एकही पदार्थ नीट वर्णिलेला नव्हता. मे २०२३ मध्ये ॲमजेन विरुद्ध सॅनोफी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, शिकवण पुरेशी आहे का या कसोटीवर, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या प्रतिपिंडांचे दावे रद्द केले. वर्णनात २६ प्रतिपिंडं होती आणि दाव्यात, ती चिकटतात त्याच जागी चिकटून तेच काम करणारी सगळी. त्या निकालात मोर्स आणि दिव्याची तार, दोन्ही पुन्हा आले आहेत.

रायगडच्या किनाऱ्याला औषधांइतकंच जवळचं दुसरं पीक म्हणजे भात. पेण-अलिबागच्या खारेपाटात बांध घालून समुद्राला बाहेर ठेवत शेतकरी भात काढत आला. बांध फुटला की खारं पाणी आत, आणि पुढचे हंगाम त्या मिठाशी झगडण्यात जातात. काळा राता, भुरा राता ही मीठ सोसणारी कोकणातली जुनी वाणं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे, आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं तिथली. आता 'मीठ सोसणारं भात' असा नुसता गुण कुणी दाव्यात मागितला तर?

ही शंका हवेतली नाही. अमेरिकेतल्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये बासमतीच्या 'ओळी', म्हणजे पैदाशीने तयार केलेले प्रकार, आणि दाणे यांवर पेटंट मिळालं. दावे होते २०. वर्णनात होत्या तिने पैदा केलेल्या मोजक्या ओळी, पण काही दावे दाण्याच्या गुणांवरच होते : इतकी लांबी, शिजल्यावर असं वागणं, असा सुगंध. त्या गुणांचा दाणा कुठेही पिकला तरी कुंपणाच्या आत. भारताने पुरावे गोळा करून आव्हान दिलं. कंपनीने काही दावे स्वतःच मागे घेतले, फेरतपासणीत आणखी गेले, आणि २००१ अखेर पाचच उरले, तेही तिच्या स्वतःच्या ओळींपुरते. याची गल्लत पुष्कळदा हळदीच्या प्रकरणाशी होते. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना १९९७ मध्ये रद्द करवलेलं हळदीचं पेटंट पडलं ते 'हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे' म्हणून. बासमतीत तो मुद्दा होताच, पण दाण्याच्या गुणावरून जगभरच्या शेताला कुंपण घालण्याचा मुद्दा त्याच्या जोडीला होता.

मिठाबद्दलचा अर्ज आपल्याकडेही आला. मॉन्सॅन्टोने जिवाणूंमधलं थंडी सोसायला मदत करणारं जनुक घालून उष्णता, क्षार किंवा दुष्काळ सोसणारी 'वनस्पती' तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट मागितलं होतं. शीर्षकात एका पिकाचं नाव नव्हतं, वनस्पती असा सरसकट शब्द होता. जुलै २०१३ मध्ये अपिलीय मंडळाने नकार कायम ठेवला : यात पुरेशी कल्पकता नाही आणि कलम ३(घ)ही आडवं येतं. दावा वर्णनापेक्षा मोठा आहे का, या प्रश्नापर्यंत गाडी पोचलीच नाही. आपल्याकडे असं बरेचदा होतं. कलम १० चा 'रास्त आधार' हा मुद्दा तपासणी अहवालात आक्षेप म्हणून येतो, आणि मोठी भांडणं नावीन्य, कल्पकता किंवा कलम ३ वरच मिटतात. त्यामुळे 'रास्त' म्हणजे नेमकं किती, यावर अमेरिकेइतकी निकालांची थप्पी आपल्याकडे साचलेली नाही. मला ही उणीव वाटते. कलम ३ चा दरवाजा बंद झाला की आत काय मागितलं होतं हे कुणी मोजत नाही.

वाणांसाठी २००१ चा जो वेगळा कायदा आपण केला, त्यात ही डोकेदुखी रचनेतच टाळली आहे. तिथे दावे नसतात. वाणाची वेगळेपणाची, एकसारखेपणाची, स्थिरतेची लक्षणं नोंदवायची आणि हक्क त्या वाणापुरता. पनवेल-३ नोंदवलं म्हणून मीठ सोसण्याचा गुण कुणाच्या मालकीचा होत नाही.

औषधांकडे पुन्हा वळायचं तर ग्लिवेकची रेषा अजून पुढे चालली आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या लहान मुलांच्या दुर्मीळ आजारावर रोशचं रिस्डिप्लाम हे औषध आहे. एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती. नॅटकोने ते काढायचं ठरवलं तेव्हा रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी मनाई नाकारली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठानेही, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने किंमत जाहीर केली १५,९०० रुपये. इथेही आधीचं जीनस पेटंट होतं, आणि दोन्हीकडचे काही शोधक तेच. ज्याला आतलं माहीत आहे त्याच्या दृष्टीने जुन्या पेटंटावरून नवा रेणू उघड दिसत होता का, असा निकष यात चर्चेला आला. तो कायद्यात लिहिलेला नाही. कायद्यात आहे तो सामान्य कौशल्याचा जाणकार, आणि शोधकाच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं म्हटलं तर प्रत्येक शोधकाला आपला पुढचा शोध सोपाच दिसेल, असं टीकाकार म्हणतात. औषध स्वस्त झालं याचा आनंद मानूनही या टीकेत दम आहे असं मला वाटतं.

कोर्लईच्या अभियंत्यापुढे हे सगळं एवढ्या उंचीवर येणार नाही. त्याच्यापुढे साधे प्रश्न आहेत. एकाच झडपेवर थांबायचं की द्विधातूच्या पट्टीची, मेणाच्या नळीची, विजेवर चालणारी, अशा तीन झडपा करून बघायच्या आणि तिन्हींचे आकडे वर्णनात द्यायचे? बोंबलाबरोबर कोळंबी आणि मांदेलीही सुकवून पाहायची का? चौथी झडप त्याने केली नसली तरी तिन्हींत समान काय आहे ते त्याने लिहिलेलं असेल, तर 'तापमानानुसार उघडणारी झडप' हा दावा पायावर उभा राहतो. तात्पुरतं स्पेसिफिकेशन आधी देऊन तारीख पदरात पाडायची आणि पूर्ण स्पेसिफिकेशनला कायद्याने मिळणारे बारा महिने या प्रयोगांत घालवायचे, ही सोय बहुतेकांना ठाऊक असते. त्या बारा महिन्यांत फक्त दाव्याची भाषा फुगवत बसणारेही कमी नाहीत.

पैशाचा हिशेबही त्याने बघावा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे १६०० रुपये पडतात. त्यात दहा दावे आणि तीस पानं येतात. दहाच्या पुढच्या प्रत्येक दाव्याला ३२० रुपये, आणि तिसाच्या पुढच्या प्रत्येक पानाला १६०.